दुष्काळी भागात राहून लिहिणाऱ्याला तो भाग नक्की काय देतो? (माणदेश, आणि बाकीच्या भागांतल्या लोकांनीपण सांगा)

माळरान_९१

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारू विचारू म्हणत होतो, आज रात्रपाळी नाहीये म्हणून लिहायला बसलो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी मूळचा माणदेशातला, सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातला, गेली अकरा वर्षं चाकणला कंपनीत आहे. धाकटा भाऊ गावीच असतो, सव्वीस वर्षांचा, बीए झालाय, दोन एकर डाळिंब आणि चार शेरडं बघतो. तो लिहितो हे आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हतं. दिवाळीला गेलो तेव्हा कपाटात बियाण्याच्या पिशव्यांखाली तीन फुलस्केप वह्या सापडल्या, वाटलं हिशोब असेल, उघडून बघतो तर कथा. त्यातली एक २०१२-१३ च्या दुष्काळातल्या चारा छावणीवरची आहे. आमचे आजोबा त्या साली चार महिने जनावरांबरोबर छावणीवरच झोपायचे, तिथली रात्र त्याने लिहिलीय, रात्री दावणीला कोण काय बोलतं, टँकर आला की कोण आधी उठतं, एक म्हातारी आपल्या म्हशीशी लेकीशी बोलावं तसं बोलत बसते. मी उभ्या उभ्या वाचली आणि तिथंच खाली बसलो. आईचे शब्द जसेच्या तसे, मी अकरा वर्षांत विसरून गेलेले.

आता माझा प्रश्न. मी त्याला म्हणलं पुण्याला चल, माझ्याकडे राहा, काहीतरी काम बघू, इथे प्रकाशक आहेत, कार्यक्रम असतात, चार लिहिणारी माणसं भेटतील. तो म्हणतो, "दादा, तिकडं आलो की मला ऐकायला येत न्हाय." २०१९ ला तो आठ महिने भोसरीत होता माझ्याबरोबर, तेव्हा एक ओळ लिहिली नाही म्हणे. आणि वडील म्हणतात हितं राहून लिवलं तर वाचतंय कोण.

दोघांचं पण मला पटतं म्हणूनच अडकलोय. एखाद्या भागात राहणं हे लेखकाला खरंच घडवतं का, की आपण नंतर बसून जोडतो? आणि घडवतं असेल तर सांभाळतं का? म्हणजे गावात राहून त्याला आधार कुठून मिळणार, कुणाकडे जायचं? आमच्या तालुक्यातून गदिमा, व्यंकटेश माडगूळकर, शंकरराव खरात असे तिघं झाले हे शाळेपासून ऐकत आलोय, तिघंही अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, एवढ्याशा कोरड्या तालुक्यातून. ते कसं झालं हे कुणी नीट सांगेल का, नुसतं मातीचा गुण वगैरे नको.

---

ग्रंथपाल_काका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी सांगली जिल्ह्यातल्या एका ब वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या टेबलावरचा आहे, सविस्तर लिहितो.

मातीचा गुण नको म्हणालात ते बरं केलंत. आधी ते तिघं ज्या काळात वाढले तेव्हा आटपाडी कुणाच्या ताब्यात होती ते बघा. आटपाडी औंध संस्थानात होती. संस्थान एवढंसं, विखुरलेलं, एक तुकडा साताऱ्याकडे, एक कुंडल, एक आटपाडी, उत्पन्न बेताचं. पण राजा भवानराव पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्काराचा वेडा. वेदांचे अभ्यासक पं. सातवळेकर तिथं येऊन राहिले. १९३८ साली औंधच्या डोंगरावर म्युझियम उभं राहिलं ते आजही बघता येतं. १९३९ ला त्याच राजाने सत्ता गावपंचायतींच्या हातात दिली, त्या राज्यघटनेत गांधीजींचा हात होता. आणि शाळा. आडगावच्या पोराला औंधला जाऊन शिकता येईल अशी सोय होती, माडगूळकरांचे वडील संस्थानात नोकरीला, म्हणून ते कुटुंब माडगूळ, आटपाडी, कुंडल, औंध असं फिरत राहिलं. खरातांची घरची परिस्थिती तर तराळकीची, म्हणजे गावकामाची, तेही पुढे औंधला शिकले.

त्याच संस्थानातली दुसरी गोष्ट किर्लोस्करवाडी. बेळगावातून कारखाना हलवावा लागला तेव्हा १९१० मध्ये औंधच्या राजाने कुंडलजवळच्या माळावर जागा दिली, निवडुंग आणि नागांचा माळ म्हणतात तो. नांगराचा कारखाना, पण तिथूनच १९२० ला 'किर्लोस्कर खबर' (पुढचं 'किर्लोस्कर') मासिक सुरू झालं, १९३० ला 'स्त्री', १९३४ ला 'मनोहर'. म्हणजे बघा, अख्ख्या महाराष्ट्रात वाचली जाणारी तीन मासिकं पुण्यामुंबईतून नाही तर एका माळावरच्या कारखान्यातून निघत होती, आणि कुंडलच्या पोरांना छापखाना चालत जाण्याच्या अंतरावर होता. ज्याच्या गावाजवळ मासिक निघतं त्याला लेखक म्हणजे कुणी आभाळातला माणूस वाटत नाही, कंपोझिटर ओळखीचा असतो. मला हे फार मोठं वाटतं, पण यावर कोणी बोलत नाही.

आणि स्वतंत्रपूर. आटपाडीजवळच, तुम्हाला माहीत असणारच. खुनाच्या गुन्ह्यातल्या कैद्यांना भिंत नाही, बेड्या नाहीत, जमीन कसायला दिली, १९३९ च्या आसपासचा प्रयोग. त्याच्यावरून गदिमांनी गोष्ट लिहिली आणि १९५७ ला शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' आला, बर्लिनपर्यंत गेला. पिक्चर बघणाऱ्या कितीजणांना माहिती आहे की ती वसाहत आटपाडीच्या माळावर आहे आणि लिहिणारा शेजारच्याच गावचा आहे? भागाने लेखकाला काय दिलं याचं याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही. नुसता निसर्ग नाही दिला, भागात कुणीतरी काहीतरी करून बघत होतं ते दिलं.

तुमच्या भावाचं "ऐकायला येत न्हाय" मला अगदी पटलं. व्यंकटेश माडगूळकर पोरवयात निंबवड्याकडे मास्तर होते, लेंगरेवाडी म्हणून धनगरांची वस्ती, तीच पुढे 'बनगरवाडी' झाली. मेंढरं, वाघूर (मेंढरं कोंडायची जाळी), रात्रीची चावडी, हे सगळं कानातून आलेलं आहे. त्या पट्ट्यात आजही आरेवाडीच्या बिरोबाला जा, धनगर ओवी लावतात, 'सुंबरान मांडिलं' म्हणून सुरुवात होते आणि रात्रभर एक माणूस गोष्ट पुढे नेतो, मधेच गातो मधेच नुसतं सांगतो, गाणं आणि गद्य यांची सरमिसळ. ज्या पोराने लहानपणी अशा चार रात्री काढल्या त्याला गोष्ट कुठे थांबवायची आणि कुठे सोडायची हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पण आता दुसरी बाजू, ही पण खरी आहे. व्यंकटेश माडगूळकरांची सुरुवातीची गोष्ट छापली ती बडोद्याहून निघणाऱ्या 'अभिरुची'त. पुस्तक आलं ते मुंबईतून. नोकरी मिळाली पुणे आकाशवाणीत. 'माणदेशी माणसं' १९४९ चं आहे, लेखक तेव्हा बावीस वर्षांचा, आणि पुढचं जवळजवळ सगळं आयुष्य पुण्यात काढून माणसं मात्र माणदेशातलीच लिहिली. म्हणजे ऐकलं इथे, छापलं तिथे. तुमच्या भावाचं ऐकून झालंय का अजून चालू आहे हे त्यालाच माहीत, त्याला ओढून नेऊ नका एवढंच मी म्हणेन.

आधाराचं वेगळं लिहितो, आता वाचनालय उघडायची वेळ झाली.

---

निळी_पहाट

काकांनी चांगलं लिहिलंय, खूप गोष्टी मला नवीन होत्या. पण एक गोष्ट राहून जाते नेहमी म्हणून लिहितेय, राग मानू नका.

आपण म्हणतो गाव लेखकाला घडवतं. गाव म्हणजे कुठलं गाव? व्यंकटेश माडगूळकर आणि खरात एकाच तालुक्यातले, एकाच पिढीतले, सहा वर्षांचं अंतर, त्याच माण नदीच्या खोऱ्यातले, तोच दुष्काळ दोघांनी बघितला. पण एकाने चावडीच्या पायरीवरून बघितलं आणि दुसऱ्याने चावडीच्या खालून. खरातांचे वडील तराळकी करायचे, म्हणजे दवंडी, टपाल, मेलेलं ढोर ओढणं, बेवारस मढ्याची राखण, पोलीसपाटलाने बोलावलं की अर्ध्या रात्री जाणं. 'तराळ अंतराळ' १९८१ साली आलं, आधी तराळ आणि मग विद्यापीठाचे कुलगुरू असा तो प्रवास आहे, आणि त्यात जे आटपाडी आहे ते 'माणदेशी माणसं' मधल्या आटपाडीपेक्षा फार वेगळं आहे. दोन्ही खरी. मी दोन्ही पुस्तकं पाठोपाठ वाचली होती एका उन्हाळ्यात, त्यानंतर मला कुठल्याच ग्रामीण लेखनात 'गाव' असा एकच शब्द वाचता येत नाही, लगेच मनात येतं की सांगणारा कुठल्या बाजूला उभा आहे.

आणि आधाराबद्दल बोलायचं तर खरातांना आधार कुणाचा होता? शाळेचा होता, ठीक. पण लिहायचं बळ बाबासाहेबांच्या चळवळीतून आलं, ते 'प्रबुद्ध भारत'चे संपादक होते. आमच्याकडे मराठवाड्यात तर हे उघडच दिसतं. औरंगाबादला १९५० साली मिलिंद कॉलेज निघालं, बाबासाहेबांनी काढलेलं, खेड्यापाड्यातून पोरं आली, होस्टेलला राहिली, आणि पुढे गंगाधर पानतावणे सरांचं 'अस्मितादर्श' नियतकालिक निघालं. ज्यांच्या घरात पोस्टकार्ड सोडून कागद नव्हता ते लिहायला लागले कारण छापणारं कुणीतरी आपलं होतं आणि वाचणारं पण. माझ्या वडिलांची एक कविता अशाच एका अनियतकालिकात आलेली, सत्तरच्या दशकात, तो अंक अजून घरी पत्र्याच्या पेटीत आहे. वडील पुढे लिहिते राहिले नाहीत, पण त्या अंकामुळे आमच्या घरात पुस्तक येणं सुरू झालं ते थांबलं नाही.

तर माळरानदादा, भावाला एकच विचारा, त्याच्या गोष्टीत वस्तीवरचा, वाड्यातला, मळ्यातला, सगळ्यांचा आवाज येतो का. छावणीवर सगळ्या जातीची माणसं एका दावणीला येतात, तिथे कुठे कोण पाणी भरतं, कोणाची चूल कुठे मांडलेली असते. त्याला गावात राहायचंच असेल तर हे ऐकायला राहू दे. फक्त आपल्या अंगणातलं ऐकायचं असेल तर त्यासाठी पुण्यातून फोन केला तरी चालतं.

---

माळरान_९१

ताई राग कशाला. उलट तुमची पोस्ट वाचून मी ती वही परत काढली, फोटो काढून आणले होते मोबाईलमध्ये. त्या कथेत एक जागा आहे, टँकरचं पाणी हौदात पडतं आणि एक माणूस लांब उभा राहतो, बाकीचे भरून गेल्यावर पुढे येतो, लेखक काही बोलत नाही त्याच्यावर, फक्त त्याची बादली किती भरली ते लिहितो. पहिल्यांदा वाचताना मला हे कळलंच नव्हतं. आम्ही पाण्याच्या पुढच्या रांगेतले, त्यामुळे दिसलं नसेल.

---

वैनगंगेकाठी

राम राम. मी गडचिरोलीकडला, देसाईगंज वडसा म्हणजे आमचं गाव म्हणा. तुम्ही सगळे पुस्तकाचं बोलून राहिले म्हणून म्हटलं आमच्याकडचं सांगतो, कारण आमच्याकडे लेखकाला प्रकाशक लागतच नाही.

झाडीपट्टी रंगभूमी ऐकली असेल. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, धानाचा पट्टा. धान निघालं की दिवाळीपासून ते होळीच्या पुढेपर्यंत रोज कुठल्या ना कुठल्या गावात नाटक. वडशाला कंपन्यांची ऑफिसं आहेत, पन्नासच्या वर कंपन्या, बाहेर बोर्ड लावलेले, गावचं मंडळ येते, नाटक ठरवते, इसार देऊन जाते. गावात शंकरपट (बैलांची शर्यत) असला की त्या रात्री हमखास नाटक. रात्री दहाच्या पुढे सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते, गाणी, लावणी, रडणं, हसणं सगळं त्यात. त्या दिवशी घरोघरी पाहुणे, लग्नाच्या सोयरिकी पण तिथंच जुळतात. २०२३ ला आमचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाकी महाराष्ट्राने पहिल्यांदा आमच्याकडे पाहिलं.

आता याच्यात लेखकाचं काय, तर दरवर्षी कंपनीला नवं नाटक लागते. जुनं चालत नाही, कारण तेच गाव पुढच्या वर्षी पुन्हा बुक करणार असते. म्हणून लेखक लागतो, आणि त्याला पैसे मिळतात. लाखो मिळतात असं मी म्हणत नाही, पण लिहिलेल्याचे पैसे मिळतात, हे किती मराठी लेखकांना सांगता येते? माझ्या ओळखीचे एक मास्तर आहेत, नाव नाही लिहीत, शाळा सुटली की पावसाळ्यात नाटक लिहायला बसतात, रोवणी सुरू असताना पहिला अंक आणि गणपतीपर्यंत तिसरा, मग तालीम. त्यांना कोणी साहित्यिक म्हणत नाही आणि त्यांना त्याचं दुःख आहे, हे खरं आहे. त्यांचं नाटक मी स्वतः चार हजार लोकात बसून पाहिलं आहे, थंडीत, सतरंजीवर, पोरंबाळं पांघरूण घेऊन, आणि शेतकऱ्याच्या बायकोचा एक संवाद आला तेव्हा बायकांच्या बाजूने जो आवाज आला तो मी कधी विसरणार नाही. ते वाक्य त्यांनी गावच्याच एका बाईच्या तोंडून घेतलं होतं, ती बाई त्या रात्री समोर बसली होती.

भाग लेखकाला घडवते की नाही मला माहीत नाही, पण आमचा भाग लेखकाला कामाला लावते. मागणी आहे म्हणून लिहिणं आहे. बोलीचं पण तसंच, डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीवर काम केलं, मंडळ काढलं, झाडीबोलीची संमेलनं सुरू झाली, नाहीतर आमची पोरं वर्गात बोलताना लाजत होती.

तुमच्या माणदेशात तमाशा, गजीनृत्य, भेदिक असं काही चालू असेल तर भावाला त्यांच्यासाठी काही लिहून पाहू द्या. वाचणारे कमी असतील पण ऐकणारे कमी नाहीत.

---

आसोद्याची_लेक

सगळ्यांचं वाचतेय कालपासून. मी जळगावची, माहेर आसोद्याजवळ, म्हणजे बहिणाबाईंच्या गावाशेजारचं, त्यामुळे मला बोलावंसं वाटलं.

आमच्याकडे बहिणाबाई म्हटलं की सगळे अभिमानाने सांगतात शिकलेली नव्हती तरी केवढी कविता केली. खरंच आहे. घरोटं, खोपा, कपाशी, पेरणी, सगळं आमच्या लेवा गणबोलीत, माझी आजी बोलायची त्याच भाषेत. पण मला कायम वाटतं की बहिणाबाई आपल्याला मिळाल्या त्या योगायोगाने. त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, घरात उतरवून घेणारं माणूस होतं, म्हणून त्या ओळी कागदावर राहिल्या. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि पुस्तक १९५२ ला आलं, अत्र्यांच्या प्रस्तावनेसकट. त्यांनी स्वतः ते पुस्तक बघितलं नाही. खानदेशने त्यांना भाषा दिली, कष्ट दिले, सगळं दिलं, पण शेजारच्या शेतात बहिणाबाईंसारखीच गाणारी दुसरी बाई असेल आणि तिचा मुलगा कवी नसेल तर? माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही कुणी लिहिल्या नाहीत. मी बीएडला असताना एक वही केली होती सुरू, अकरा ओव्या झाल्या, मग परीक्षा आली, मग लग्न, आणि आजी गेली. अकराच आहेत माझ्याकडे. हे लिहिताना पण हात थांबतो.

म्हणून आधार म्हणजे काय तर माझ्या मते आधी उतरवून घेणारं माणूस. तुमच्या भावाचं नशीब की तो स्वतःच लिहितो, आणि त्याचं नशीब की वही सापडली ती तुम्हाला, रद्दीवाल्याला नाही. त्या तीन वह्यांचे आधी नीट फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा, हे पहिलं काम, बाकी सगळं नंतर.

आणि एक, गावात राहून लिहिणारा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पुरुषच येतो, दिवसभर रानात आणि रात्री कंदिलाखाली लिहितोय. बाईला ती रात्र मिळत नाही, रात्री ती भांडी घासून उद्याचं कालवण ठरवत असते. तुमच्याकडेच म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी म्हणून सामुदायिक रेडिओ आहे ना, गावातल्या बायका स्वतः तिथे येऊन बोलतात, गातात. मला तो प्रकार फार आवडतो कारण तिथे लिहिता येणं ही अटच नाही. भावाला म्हणावं आईला बोलतं कर आणि मोबाईलवर टेप कर, तुम्हीच म्हणालात ना शब्द तिचे आहेत.

---

जतकर

एवढं गोड सगळं वाचून थोडं कडू लिहितो. मी जत तालुक्यातला.

नवनाथ गोरे आमच्या तालुक्यातले, निगडीचे. मेंढरामागची घरची परिस्थिती, 'फेसाटी' कादंबरी लिहिली, २०१८ ला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. गावोगावी सत्कार, शाली, नारळ. आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बातमी आली की तासिका तत्त्वावरचं काम बंद झालं म्हणून हा माणूस दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातोय. अकादमी विजेता लेखक. बातमी आल्यावर लोक धावले, नोकरीची सोय झाली असं नंतर वाचलं, चांगलं झालं. पण बातमी आली नसती तर?

आमच्या भागाला लेखकाचा अभिमान आहे, गावात फ्लेक्स लागतो. पण त्या पुस्तकाच्या किती प्रती तालुक्यात विकत घेतल्या असतील, आपणच आपल्या मनाला विचारा. मी स्वतः घेतली तीन वर्षांनी, सत्काराला मात्र पहिल्या रांगेत होतो, याची मला आजही लाज वाटते म्हणून लिहितोय.

तेव्हा दादा, भावाचं डाळिंब मोडू देऊ नका. टेंभू योजनेचं पाणी आलंय तुमच्याकडे, बाग टिकली तर लेखन टिकेल. आमच्या भागातली निम्मी घरं गलाईवाल्यांची, पोरं सोनंचांदी गाळायला केरळपासून कलकत्त्यापर्यंत गेली, तो पैसा गावात येतो आणि देवळाचा कळस, कमान होते. एखाद्या गलाईवाल्याने गावच्या पोराच्या पुस्तकाच्या दोनशे प्रती घेऊन शाळाशाळांत वाटल्या तर काय होईल, कुणी करून बघावं.

---

ग्रंथपाल_काका

जतकर, तुमचं बरोबर आहे आणि त्यात माझाही दोष येतो, मी पण फेसाटीच्या वाचनालयासाठी दोनच प्रती घेतल्या होत्या. नंतर मागणी आली तेव्हा अजून तीन घेतल्या.

आता आधाराचं राहिलेलं. माळरानदादा, हे भावाला जसंच्या तसं पाठवा.

एक म्हणजे औदुंबर. पलूस तालुक्यात कृष्णाकाठी, दत्ताचं ठिकाण. तिथे दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं, कवी सुधांशु आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेलं सदानंद साहित्य मंडळ, कित्येक दशकं एकही शहर पाठीशी नसताना चालू आहे. झाडाखाली, नदीच्या घाटाजवळ, मोठमोठे लेखक अध्यक्ष म्हणून येऊन गेले आणि लोक तिळगूळ घेऊन ऐकायला बसतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सतरा वर्षांचा होतो, सायकलवर, माझ्या आयुष्यात पहिला जिवंत लेखक मी तिथे बघितला आणि तो माझ्याशेजारी बसून ऊस खात होता. मी ग्रंथपाल झालो त्याचं बीज तिथलंच आहे. दुपारी स्थानिक कवींना पण बोलायला मिळतं. भावाला एकदा पाठवाच, भिलवडी स्टेशनला उतरलं की जवळ आहे.

दुसरं, राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. हस्तलिखित मागवतात, तज्ज्ञ वाचतात, मंजूर झालं तर छपाईला मदत मिळते. वेळ लागतो पण घरचे दागिने गहाण ठेवून पुस्तक काढायची पाळी येत नाही. हे मी मुद्दाम लिहितोय कारण नवीन पोरांकडून पैसे घेऊन पुस्तक छापून देणारे खूप झालेत, पाचशे प्रती घरात येऊन पडतात आणि बाप म्हणतो बघ सांगितलं नव्हतं. पैसे देऊन पहिलं पुस्तक अजिबात काढू नका.

तिसरं, इचलकरंजीचं आपटे वाचन मंदिर, कोल्हापूरची दक्षिण महाराष्ट्र साहित्य सभा, हे दरवर्षी पुस्तकांना पुरस्कार देतात, आपल्या बाजूच्या लेखकांवर त्यांचं लक्ष असतं. पण ते पुस्तक झाल्यावर. त्याआधी दिवाळी अंक. छावणीची कथा एकटी घेऊन स्वच्छ टाईप करून दोन-तीन अंकांना पाठवायची, एका वेळी एकालाच, उत्तराची वाट बघून. मे-जूनपर्यंत पाठवायला हवं, नवरात्रात पाठवून उपयोग नाही.

आणि वाचनालय. १९६७ च्या कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगाव ग्रंथालयं झाली, अ ब क ड वर्गाची, त्यातली बरीच कशी चालतात हे मला विचारू नका, पण जिथे ग्रंथपाल जिवंत आहे तिथे लिहिणाऱ्या पोराला दुपारी पंख्याखाली एक खुर्ची आणि हवं ते पुस्तक मिळतं. माझ्याकडे असे चौघं येतात सध्या. एकजण एसटीत कंडक्टर आहे, तिकिटाच्या मशीनच्या उरलेल्या रोलच्या मागच्या कोऱ्या बाजूला कविता लिहितो. मी त्यांना काही शिकवत नाही, मला येतही नाही. फक्त एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला वाचायला देतो. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बसतो आम्ही, चहा वाचनालयाचा.

---

माळरान_९१

काका, ताई, सगळ्यांनाच, कसं लिहू कळत नाही.

काल रात्री फोन केला भावाला. आधी चिडला की वही का वाचली. मग मी हा अख्खा धागा वाचून दाखवला फोनवर, पाऊण तास लागला, तो काहीच बोलत नव्हता, मधे मधे शेरडाचा आवाज येत होता म्हणून कळायचं फोन चालू आहे. निळी_पहाट ताईंचं वाचलं तेव्हा म्हणाला, "तो बादलीवाला माणूस कोण हाय म्हायत हाय का तुला? तुझ्याच वर्गात होता." मला आठवेना. त्याने नाव सांगितलं आणि आठवलं. सातवीपर्यंत एका बाकावर होतो आम्ही.

पुण्याला चल म्हणून आता म्हणणार नाही मी. त्याला चांगला टाईप करता येत नाही, मी सुट्टीच्या दिवशी बसून छावणीची कथा टाईप करून देणार आहे, बोलीतले शब्द कसे लिहायचे तेवढं त्याला विचारून. फोटो काढून दोन ठिकाणी ठेवलेत ताई. आईला पण सांगितलंय, ती म्हणाली माझं काय टेप करायचंय, आणि मग अर्धा तास बोलली, ७२ च्या दुष्काळातली सुकडी, खडी फोडायचं काम, तिच्या आईच्या हातावरचे घट्टे. मी ते रेकॉर्ड केलं नाही, सुचलंच नाही. परत बोलतं करीन.

वडिलांचं तेवढं राहिलंय. ते अजून म्हणतात वाचतंय कोण.

काका, तुमच्या दुसऱ्या रविवारी बाहेरच्या गावच्या पोराने आलेलं चालतं का? आटपाडीहून सकाळची एसटी धरली तर किती वाजता पोचावं?

---

ग्रंथपाल_काका

चालतं म्हणजे काय, यायलाच पाहिजे. अकराला सुरू करतो, साडेअकरा झाले तरी हरकत नाही, डबा आणू नको म्हणावं, आमच्या घरनं भाकरी येते. छावणीची कथा घेऊन ये म्हणावं, टाईप नसली तरी चालेल, वहीच आण. कंडक्टरला वाचायला लावू, त्याचा आवाज चांगला आहे.

आणि वडिलांना पण घेऊन येऊ दे. मागच्या बाकावर बसू देत, बोलायची जबरदस्ती नाही.